इंजिनांच्या स्पर्धेत ओपनिंग बुकची भांडणं कशी टाळायची

बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत माणसांची बुद्धिबळ स्पर्धा कशी भरवायची हे कुणाला शिकवायला नको. पण पटावर पोरांनी लिहिलेली इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्रॅम, बसवली की पहिल्याच फेरीत वाजतं, आणि बहुतेक वेळा ओपनिंग बुकवरूनच (डावाच्या सुरुवातीच्या तयार चालींची फाइल). मिरजेच्या पोरानं चाल शोधायचा कोड जीव तोडून लिहिलेला असतो. विश्रामबागेतल्या पोराचं इंजिन साधंच, पण बुक पंचवीस चाली खोल. डाव दुसरा जिंकतो. मग जिंकलं इंजिन की पाठांतर?

प्रश्न जुनाच आहे. १९९७ च्या लढतीतल्या सहाव्या डावात आयबीएमच्या डीप ब्लू संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हविरुद्ध कारो-कान बचावात आठव्या चालीला ई६ वर घोडा दिला, तो बुकमधून. कास्पारोव्हनं १९ चालींतच डाव सोडला.

म्हणून आधी ठरवा, मोजायचं काय. फक्त इंजिनाची ताकद मोजायची असेल तर सगळ्यांची बुकं बंद करा आणि सुरुवाती आयोजकांनी द्या. बुकासकट अख्खी यंत्रणा मोजायची असेल तर तो वेगळा गट, वेगळं बक्षीस. बुक रचणं हीसुद्धा मेहनतच आहे, तिला फसवणूक म्हणायचं कारण नाही. पण दोन्ही एकाच तक्त्यात घातलं की तालमीतल्या आणि शाळेतल्या पैलवानाची जोड लावल्यासारखं होतं.

पहिल्या गटासाठी सुरुवातींची फाइल बनवा. १६ प्लाय, म्हणजे प्रत्येकी ८ चाली, पुरतात. ५० सुरुवाती घेतल्या तर एका लढतीत १०० डाव होतात, कारण प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवायची. इंजिनांच्या मोठ्या टीसेक स्पर्धेतही हीच पद्धत आहे. प्रत्येक शेवटची स्थिती स्पर्धेत नसलेल्या एखाद्या तगड्या इंजिनाकडून तपासा. नवशिक्या इंजिनांसाठी अर्ध्या प्याद्यापेक्षा जास्त झुकणारी स्थिती काढून टाका. एकमेकांच्या तोडीची, फार बरोबऱ्या करणारी इंजिनं असतील तर मात्र मुद्दाम तिरक्या सुरुवाती लागतात, नाहीतर सगळा तक्ता अर्ध्या-अर्ध्या गुणांनी भरतो.

इथं हमखास होणारी चूक म्हणजे एकच स्थिती दोनदा येणं. डी४ घोडा-एफ६, सी४ ई६ आणि सी४ घोडा-एफ६, डी४ ई६, वाटा दोन, पण मुक्काम एकच. त्यामुळे चालींचा क्रम न बघता शेवटची एफईएन (पटाची स्थिती एका ओळीत लिहायची पद्धत) जुळवा, त्यातले शेवटचे दोन आकडे (पन्नास चालींचा हिशेब आणि चालक्रमांक) वगळून. आं-पासांच्या (दोन घरं पुढे आलेलं प्यादं वाटेत मारण्याच्या) रकान्यावरही लक्ष असू द्या. काही प्रोग्रॅम प्यादं दोन घरं गेलं की तो रकाना भरतातच, काही खरंच मारता येत असेल तरच. एकाच प्रोग्रॅमनं सगळ्या एफईएन काढल्या की हा घोळ उरत नाही.

डाव क्यूटचेसच्या सीएलआयवर लावा (इंजिनांना आपसात खेळवणारा, टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारा प्रोग्रॅम). गेम्स २, रिपीट चालू, प्लाय १६. राउंड सुरुवातींच्या संख्येएवढेच ठेवा. जास्त ठेवले तर यादी पहिल्यापासून फिरते आणि जवळपास तेच डाव पुन्हा छापले जातात. प्रत्येक इंजिनाला एक थ्रेड, सारखी हॅश मेमरी, पाँडर (समोरच्याच्या वेळेत विचार करणं) बंद, ओनबुक (इंजिनाचं स्वतःचं बुक) बंद, लर्निंग (आधीच्या डावांवरून शिकणं) बंद. एका वेळी चालणारे डाव प्रोसेसरच्या खऱ्या कोअरपेक्षा एकानं कमी ठेवा. लॅपटॉप चार्जरवर हवा, कारण बॅटरीवर वेग पडतो, आणि एप्रिलातल्या सांगलीत पंख्याखालीसुद्धा तो तापून मंदावतो. यूपीएस नसेल तर वीज जाण्याचा नियम आधीच लिहून ठेवा. आमच्या मते अर्धवट डाव रद्द करून जोडीतले दोन्ही डाव पुन्हा घ्यावेत.

ओनबुक बंद केलं तरी कोडमध्ये दडवलेलं बुक चालू राहू शकतं. ते पीजीएनमध्ये, म्हणजे डावाच्या नोंदीच्या फाइलमध्ये, दिसतं. दिलेल्या सुरुवातीपुढे ‘बुक’ अशी नोंद असते. त्यानंतरच्या प्रत्येक चालीपुढे मूल्यांकन, खोली (किती प्लाय पुढचं पाहिलं) आणि वेळ. नवव्या चालीपासून सलग पाच-सहा चाली शून्य सेकंदात, खोली शून्य किंवा एक अशा दिसल्या तर विचारा. एखाद-दुसऱ्या चालीवरून आरोप करू नका, एकच कायदेशीर चाल असली तरी उत्तर तत्काळ येतं.

आता बुकासकटचा गट. खरी वादावादी इथं असते.

मुदतीपर्यंत प्रत्येकानं बुक जमा करायचं, त्याचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा ठसा, एक बाइट बदलला तरी तो बदलतो) फळ्यावर लागायचा, आणि जोड्या त्यानंतरच काढायच्या. क्रम उलटा झाला की रात्रीत समोरच्या एका इंजिनाला मारायचं खास बुक तयार होतं. फेऱ्यांच्या मध्ये बुक बदलायचं नाही आणि लर्निंगच्या फाइली पुसायच्या.

‘माझं बुक वाचलंच नाही’ ही तक्रार पॉलिग्लॉट बुकाबाबत (बुकाचा एक प्रचलित फाइल-प्रकार) नेहमी येते. त्यातली प्रत्येक नोंद १६ बाइटची: ८ बाइट की (स्थितीची ओळख), २ चाल, २ वजन (ती चाल निवडण्याची पसंती), ४ लर्न. फाइलचा आकार १६ नं भागला गेला नाही तर ती तुटलेली आहे. आकडे बिग-एंडियन असतात, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी. बाइट न उलटवता वाचले तर एकही स्थिती सापडत नाही. किल्लेकोट राजानं हत्तीच्या घरात गेल्यासारखा लिहितात, ई१ ते एच१. जी१ समजणारा कोड तिथं बुकातून बाहेर पडतो.

पॉलिग्लॉटच्या मेक-बुक आज्ञेनं पीजीएनमधून बुक बांधताना वजन कसं येतं हेही सगळ्यांना सांगा: विजयाचे २, बरोबरीचा १. हजार डावांत ४० टक्के गुण मिळवणाऱ्या चालीला ८०० वजन, पन्नास डावांत ७० टक्केवालीला ७०. म्हणजे बुक चांगल्या चालीपेक्षा चलनातली चाल जास्त निवडतं. मिन-गेम (चाल किमान किती डावांत आलेली हवी) १ ठेवलं तर एखादा भंगार डावही आत शिरतो.

‘ह्यानं माझं बुक चोरलं’ असं कुणी म्हटलं तर पहिल्या बारा प्लायचं साम्य बघूच नका, तिथं सगळेच सारखे. जमा करतानाच मूळ पीजीएन, मेक-बुकची पूर्ण आज्ञा आणि हातानं केलेल्या बदलांची यादी मागून घ्या. वाद झाला की त्यावरून बुक पुन्हा बांधा. बाइट न् बाइट जुळलं आणि दोघांनी एकच सार्वजनिक पीजीएन वापरलेलं निघालं, तर चोरी नाही. यादीत नसलेली, हातानं बदललेली तीच वजनं दोन्हीकडे खोलवर सापडली, तर बोलायला जागा आहे.

निकालाबाबत एवढंच: साधारण ४० टक्के बरोबऱ्या धरल्या तर १०० डावांत ९५ टक्के खात्रीनं चुकीची मर्यादा दोन्ही बाजूंना सुमारे ५० एलो (ताकद मोजायचे गुण), १००० डावांत सुमारे १७. दहा एलोच्या फरकावर ट्रॉफी द्यायची असेल तर द्या, पण तक्त्यात चुकीची मर्यादा शेजारीच छापा.