छपाईसाठी मराठी मजकूर कर्व्ह करताना

प्रेसवाला ‘फाइल कर्व्ह करून पाठवा’ म्हणतो, तेव्हा त्याला हवं असतं एवढंच, की अक्षरांचं रेघांच्या आकारांत (यालाच कर्व्ह किंवा आउटलाइन म्हणतात) रूपांतर व्हावं आणि त्यांना फॉन्टची गरज उरू नये. त्याच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला तर फाइल उघडताच तिथे दुसराच फॉन्ट बसतो आणि ओळी तुटतात. कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टांत तर याहून वाईट होतं. तिथे मजकूर मुळात रोमन अक्षरांच्या कळांवर बसवलेला असतो. फॉन्ट गेला की लग्नपत्रिकेवर नावाच्या जागी रोमन अक्षरांचा गुंता दिसतो.

कर्व्ह केल्यावर ही भीती जाते, पण अक्षर बदलण्याची सोयही जाते. म्हणून मूळ फाइल आधी वेगळ्या नावाने जपून ठेवा आणि कर्व्ह करायची ती तिची प्रत. एकाच फाइलवर दोन्ही करणाऱ्याला फोन नंबरमधला एक आकडा बदलायलाही सगळं पुन्हा बसवावं लागतं.

कर्व्ह करण्याआधी

युनिकोड मजकूर इलस्ट्रेटरमध्ये पेस्ट केल्यावर ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे गेला, जोडाक्षरं सुटली किंवा पाय मोडलेली अक्षरं दिसू लागली, तर दोष बहुतेक वेळा फॉन्टचा नसतो. परिच्छेदाला भारतीय लिपी जुळवणारा कंपोजर लावलेला नसतो. पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ नावाचा कंपोजर निवडा. इनडिझाइनमध्ये त्याचं नाव ‘वर्ल्ड-रेडी’ आहे. अक्षरं तुटलेली असताना कर्व्ह केलंत तर ती तशीच गोठतात.

मग छापील प्रत काढून ती दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. रफार आणि ऱ्य यांच्यावर विशेष नजर हवी. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. फॉन्टला किंवा टाइप करणाऱ्याला हा फरक कळला नाही तर अर्थच बदलतो. ल आणि श मराठी वळणाचे आले आहेत का तेही पाहा. काही फॉन्टांत मजकुराची भाषा ‘मराठी’ ठेवली तरच ते तसे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे उमटतात.

मजकुराच्या चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिकचं चिन्ह दिसत असेल तर काही मजकूर चौकटीत मावलेला नाही. तो आउटलाइनमध्ये येत नाही, सरळ गळतो. पत्त्याची शेवटची ओळ हमखास अशीच जाते.

प्रत्यक्ष कर्व्ह करणं

इलस्ट्रेटरमध्ये लेयर्स पॅनलमधली सगळी कुलपं काढा. त्यानंतर ऑल्ट-कंट्रोल-२ ने लॉक केलेल्या वस्तू मोकळ्या करा, ऑल्ट-कंट्रोल-३ ने लपवलेल्या दाखवा. मग कंट्रोल-ए ने सगळं निवडा आणि कंट्रोल-शिफ्ट-ओ ने आउटलाइन करा. एवढ्याने सगळं होत नाही. सिम्बॉलमधला (पुन्हा वापरायला साठवलेल्या आकृतीतला) मजकूर लिंक तोडल्याशिवाय बदलत नाही, एन्व्हलप (मजकूर वाकवणारं आवरण) आधी एक्स्पांड करावा लागतो आणि लिंक केलेल्या पीडीएफमधल्या अक्षरांना या आज्ञेचा स्पर्शही होत नाही.

कोरलड्रॉमध्ये एडिट मेनूतल्या सिलेक्ट ऑलमधून ‘टेक्स्ट’ निवडा आणि कंट्रोल-क्यू दाबा. इथला नेहमीचा फसवा कोपरा म्हणजे पॉवरक्लिप, म्हणजे ज्या चौकटीच्या आत दुसऱ्या वस्तू बसवलेल्या असतात ती. तिच्या आत जाऊन तिथला मजकूर वेगळा कर्व्ह करा. इंकस्केपमध्ये हेच काम शिफ्ट-कंट्रोल-सी करतं.

शिरोरेषेचा सांधा

देवनागरी फॉन्टांत शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून सहसा प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते. काळ्या भरावात हे कळत नाही. पण त्याच शब्दाला पांढरी बॉर्डर द्या, किंवा अक्षरांना सुटं सुटं पारदर्शक करा, की दर दोन अक्षरांमध्ये उभा सांधा दिसतो. व्हायनल कटिंगला (चिकटपट्टीसारख्या पत्र्यातून अक्षरं कापताना) तर प्लॉटर या कापणाऱ्या यंत्राचं पातं त्या प्रत्येक सांध्यावर फिरतं आणि शिरोरेषेचे तुकडे होतात.

उपाय म्हणजे आकार एकजीव करणं: इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचा ‘युनाइट’, कोरलमध्ये ‘वेल्ड’. कोरलचा कंबाइन, म्हणजे कंट्रोल-एल, इथे चालत नाही. त्याने दोन आकार जिथे एकमेकांवर येतात तिथे भोक पडतं आणि शिरोरेषेवर पांढरे ठिपके उमटतात. कर्व्ह केल्याबरोबर आपोआपच असे ठिपके आले, तर कोरलच्या प्रॉपर्टीजमधल्या भरावाच्या भागात ‘फिल वाइंडिंग’ चालू करा. ब्रेक अपार्टच्या वाटेने मात्र जाऊ नका. त्याने ब, व, भ यांची पोटं भरून जातात आणि ती एकेक करून पुन्हा पोखरावी लागतात.

युनाइट करण्याआधी अक्षरांचा ग्रुप सोडून कुणी काही सरकवलं असेल तर अनुस्वार तपासा. कर्व्हनंतर अनेकदा तो अक्षरापासून सुटा आकार असतो. अक्षर उचललं की टिंब जागेवरच राहतं आणि ‘नंदन’चा ‘नदन’ होतो. जोवर गरज नाही तोवर ग्रुप सोडूच नये.

अक्षर जाड दिसावं म्हणून दिलेली बॉर्डर कर्व्हने आकार होत नाही, ती रेघच राहते. फ्लेक्सची फाइल अनेकदा एकास दहा मापात करतात. ती मोठी करताना ‘स्केल स्ट्रोक्स’ बंद असेल तर १ पॉइंटची बॉर्डर १ पॉइंटच राहते आणि मथळा एकदम बारीक होतो. इलस्ट्रेटरमध्ये ‘आउटलाइन स्ट्रोक’, कोरलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-क्यू वापरून तिचाही आकार करून टाका.

पाठवण्याआधीची तपासणी

इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय दाबा. आउटलाइन दृश्यात जिवंत मजकूर भरीव काळा दिसतो, कर्व्ह झालेला पोकळ रेघांचा. राहिलेली ओळ लगेच डोळ्यांत भरते. टाइप मेनूतल्या फाइंड फॉन्टची यादीही रिकामी हवी. पीडीएफ केल्यावर ॲक्रोबॅटमध्ये कंट्रोल-डी दाबून फॉन्ट्सचं पान उघडा. तिथे एकही नाव दिसलं तर कुठेतरी मजकूर शिल्लक आहे.

रंग कर्व्हने सुधारत नाही. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, के १०० मध्ये ठेवा. आरजीबीतला (पडद्यासाठीच्या रंगपद्धतीतला) काळा ऑफसेटला चार शाईंत फुटतो, प्लेट केसभर सरकली तरी मात्रांना रंगीत कड येते.

पुस्तक, मासिक किंवा लांब मजकुराचं माहितीपत्रक कर्व्ह करू नये. फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलमध्येच सामावलेली, पीडीएफ तिथे योग्य, आणि पीडीएफ/एक्स-१ए मानकात सगळे फॉन्ट एम्बेड असणं बंधनकारकच आहे. कर्व्ह केलेल्या अक्षरातून हिंटिंग, म्हणजे लहान आकारात अक्षर नीट उमटावं म्हणून फॉन्टमध्ये दिलेल्या सूचना, निघून जातं. त्यामुळे लहान आकारात, विशेषतः कमी रिझोल्यूशनच्या प्रिंटरवर, अक्षर जरा जाड दिसतं आणि क्ष, ज्ञ, द्ध यांची आतली जागा बुजते. शिवाय फाइल जड होते आणि मजकूर शोधताही येत नाही. प्रेसने तरीही आग्रह धरला तर एम्बेड केलेल्या पीडीएफचं एक पान चाचणीला पाठवा. ते नीट उघडलं, तर फक्त मुखपृष्ठ आणि लोगो कर्व्ह करून बाकी पुस्तक तसंच द्या.