बीबी मागवायच्या आधी कॅलिपर हातात घ्या

सायकलचं पेडल मारताना खालून कटकट यायला लागली की लोक डायरेक्ट नवी बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो तो बेअरिंगचा संच), मागवतात आणि मग ती बसत नाही. कारण बॉटम ब्रॅकेट दोघांच्या मधे अडकलेला असतो, बाहेरून फ्रेमचं शेल (तळाची आडवी नळी) आणि आतून क्रँकचा, म्हणजे पेडलच्या दांड्यांचा, एक्सल, त्यामुळे दोन्हीची मापं लागतात, एकावर भागत नाही.

क्रँक काढा आणि शेलची रुंदी मोजा, कपची (बेअरिंगच्या वाटीची) कड त्यात धरू नका. आटेवाल्या फ्रेममध्ये 68 किंवा 73 मिमी आलं तर बहुतेक बीएसए, 70 आलं तर इटालियन, ही आट्यांच्या मापांची नावं. जुना कप फेकू नका हां, त्यावर 1.37 x 24 की 36 x 24 असं बरेचदा कोरलेलं असतं, पहिलं बीएसए, दुसरं इटालियन. आटे आहेत पण भोक चांगलंच मोठं दिसतंय, तर टी47 हे माप असू शकतं.

आता खरी गंमत. बीएसएमध्ये चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. मी पहिल्यांदा पाना लावून त्याच्यावर लटकलो होतो, सुटतोय कसला, अजून घट्ट करत होतो! पेडलला नेमकं उलट, तिथे डावं उलट्या आट्यांचं, त्यामुळे डोकं अजूनच फिरतं. इटालियनला मात्र दोन्हीकडे सरळ आटे.

आत गुळगुळीत असेल तर प्रेसफिट, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवायची बीबी. मग भोकाचा व्यास बघा: 42 मिमी म्हणजे बीबी30, 46 म्हणजे पीएफ30 किंवा त्याची रुंद भावंडं, 41 आणि रुंदी 86.5 असेल तर बीबी86.

मग एक्सल. त्याचा व्यास क्रँकवर ठरतो: शिमानो हॉलोटेक 24 मिमी, स्रॅम डब 28.99, बाकी बरेच 30. बारीक एक्सल मोठ्या भोकात अडॅप्टरने बसतो, पण 30 चा एक्सल बीबी86 मध्ये घालायचा म्हणजे बेअरिंगला जागाच उरत नाही, बारीक गोळ्यांची बेअरिंग लवकर जातात, मी तरी त्या भानगडीत पडणार नाही. आणि जुना चौकोनी एक्सल असेल तर त्याची लांबीही मोजा, 110 च्या जागी 122.5 टाकलात की चेनलाइन (चेनची पुढून मागे जाणारी सरळ रेघ) बिघडलीच.

बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि कप आधी हातानेच फिरवा, दोन-तीन फेरे आरामात गेले तरच पाना लावा.