डाल्टन ट्रम्बोवर लिहिताय? या चुका टाळा

तुरुंग, टोपणनावं, दुसऱ्याच्या नावावर लिहिलेले सिनेमे आणि दोन ऑस्कर. या अमेरिकी पटकथाकाराची गोष्ट इतकी रंगतदार आहे की सांगण्याच्या भरात तपशील तपासायचे राहून जातात.

पहिली चूक: त्याला कम्युनिस्टविरोधी मोहिमेसाठी गाजलेल्या जोसेफ मॅकार्थीने तुरुंगात धाडलं असं लिहिणं. ट्रम्बोची साक्ष झाली ऑक्टोबर १९४७ मध्ये, प्रतिनिधीगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवाया समितीपुढे. मॅकार्थी सिनेटर होता, या समितीत नव्हता. त्याचं नाव गाजलं १९५० मध्ये. मसुद्यात मॅकार्थी आला असेल तर तिथे समितीचं नाव घाला.

'कम्युनिस्ट असल्याबद्दल शिक्षा झाली' हेही चुकीचंच. पक्षाचे सदस्य आहात का, या प्रश्नाचं सरळ उत्तर न दिल्यामुळे काँग्रेसच्या अवमानाचा गुन्हा लागला आणि केंटकीतल्या ॲशलंडच्या तुरुंगात त्याने साधारण दहा महिने काढले. मात्र तो कम्युनिस्ट नव्हताच, असंही लिहू नका. १९४३ मध्ये तो पक्षात गेला होता. ही गोष्ट झाकली की त्याचीच बाजू लंगडी पडते, कारण आपलं मत सरकारला सांगण्याची सक्ती का, हाच तर त्याचा सवाल होता. आणि काळी यादी हा काही कायदा नव्हता. नोव्हेंबर १९४७ मध्ये स्टुडिओवाल्यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून समितीला उत्तर नाकारणाऱ्या ट्रम्बोसारख्यांना काम न देण्याचं ठरवलं, तीच ही यादी.

'स्पार्टाकस'चा नायक कर्क डग्लसने त्या सिनेमावर ट्रम्बोचं नाव देऊन एकट्याने ही यादी मोडली, हे वाक्य फार आवडीने लिहिलं जातं. पण 'एक्झोडस' ट्रम्बो लिहितोय हे दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरने जानेवारी १९६० मध्येच जाहीर केलं होतं. 'स्पार्टाकस' त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आला. दोघांनाही श्रेय द्या.

लॉस एंजेलिसच्या बेकरीतली त्याची वर्षं एका ओळीत उरकू नका. तो रात्रपाळी करायचा आणि उरलेल्या वेळात लिहायचा, असं वर्षानुवर्षं. पुढे बंदीच्या काळात कमी पैशांत, झपाट्याने, एकामागून एक पटकथा हातावेगळ्या करण्याची ताकद त्याच्यात आली कुठून, याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

सर्वाधिक गोंधळ ऑस्करचा. दोन्ही ऑस्कर पटकथेचे नव्हेत, कथेचे. १९५३ च्या 'रोमन हॉलिडे'चा पुरस्कार त्याचा मित्र इयन मॅक्लेलन हंटरच्या नावाने गेला. 'द ब्रेव्ह वन'वर लेखक म्हणून रॉबर्ट रिच हे ट्रम्बोचं टोपणनाव होतं. मार्च १९५७ च्या सोहळ्यात डेबोरा कार यांनी ते पुकारलं, तेव्हा मंचावर गेले लेखक संघटनेचे जेसी लास्की ज्युनिअर. रिचची पत्नी बाळंत होतेय, म्हणून तो तिच्यापाशी आहे, असं त्यांनी सांगितलं. पत्रकार रिचला शोधत राहिले आणि हॉलिवूडची पुरती शोभा झाली. ही मूर्ती ट्रम्बोच्या हाती पडली १९७५ मध्ये. पुढच्याच वर्षी तो वारला. 'रोमन हॉलिडे'ची मूर्ती त्याची पत्नी क्लिओ हिने १९९३ मध्ये स्वीकारली. 'त्याने दोन ऑस्कर घेतले' असं लिहिलं असेल तर खोडा: हयातीत त्याला एकच मिळाला.

बंदीच्या काळातल्या सिनेमांची यादी देताना तेव्हा पडद्यावर कुणाचं नाव होतं आणि ते कधी बदललं, हे दोन्ही नोंदवा. 'रोमन हॉलिडे'च्या पटकथेवर रायटर्स गिल्ड या लेखक संघटनेने त्याचं नाव परत लावलं ते २०११ मध्ये.