तीन लाख किलोमीटर झालेल्या पिकअपचं टॅपेट सेटिंग

काटोलहून नागपूरच्या कळमना बाजारात संत्री वाहणारी आमची डिझेल पिकअप. टकटक अजिबात नव्हती, पण सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागे, पांढरा धूर निघे अन् इंजिन थरथरे. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आवाज नाही म्हणून खुश नका होऊ, टॅपेट टाइट झाले असतील." टॅपेट सेटिंग म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर (छोटा दांडा) यांच्यातला बारीक गॅप जुळवणं; टाइट म्हणजे तो गॅप कमी. तसंच निघालं. व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. एक्झॉस्टचा तर जळतोही.

आमच्या इंजिनचं माप थंड असतानाचं. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभं इंजिन कसलं थंड! पहाटेच कव्हर उघडलं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2. चौथ्याचा एक व्हॉल्व्ह बंद होत अन् दुसरा उघडत असला की पहिल्याचे सेट करायचे, पहिल्याचे तसे दिसले की चौथ्याचे. दुसऱ्या-तिसऱ्याची जोडीही तशीच. इंजिन फिरवायला क्रँक पुली पान्यानेच फिरवायची.

खरी गोम रॉकरच्या टोकात. तिथे झिजून खड्डा पडला असेल तर फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) त्यावरून पुलासारखा जातो. माप बरोबर वाटतं, प्रत्यक्षात गॅप जास्त असतो. असे रॉकर बदलले, मगच सेटिंग केलं. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर परत गेज घालायचा. आकडा आपल्याच इंजिनच्या पुस्तकातला घ्यायचा, शेजारच्या गाडीचा नाही.

आता सेल्फ लगेच घेतो. गॅप असल्याची हलकी टिकटिक येते, ती राहू दिली.