जुनी गाडी गरम होते? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

गाडी गरम झाली की लोक आधी पार्ट बदलतात आणि कारण मग शोधतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नेमकी कधी गरम होते? उभ्या गाडीत तापमानाचा काटा चढतो आणि चालू लागल्यावर उतरतो, तर रेडिएटरला हवा कमी पडते आहे. पंख्याची मोटर, रिले, स्विच किंवा व्हिस्कस क्लच (तापमानानुसार पंखा जोडणारा भाग) बघा. उलट, वेगात किंवा चढावर काटा चढत असेल तर पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर चोंदला आहे. हे न विचारता पाना हातात घेणाऱ्याला मी थांबवतो.

सगळ्यात जास्त चीड आणणारा सल्ला म्हणजे ‘थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी सतत फिरेल’. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसं तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप; बहुतेक ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतात. तो काढला की इंजिनाला तापायला फार वेळ लागतो, इंधन जास्त जळतं, ऑइलमधली ओल उडत नाही आणि झीज वाढते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढलात तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता थेट इंजिनात परत येतो, आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. शंका असेल तर थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्याच्या भांड्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. उघडला नाही तर नवा बसवा. एवढ्या कामाचाही कंटाळा करणाऱ्यांनी जुनी गाडी बाळगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. माझी जुनी डिझेल गाडी गावात थंड राहायची, मोकळ्या रस्त्यावर अर्ध्या तासात काटा लाल रेषेला. रेडिएटर उतरवून साफ करून घेतला, वॉटर पंप बदलला, थर्मोस्टॅट नवा घातला. फरक शून्य. दोन महिने असेच गेले. शेवटी एका संध्याकाळी मित्राला आत बसवून ॲक्सिलरेटर दाबून धरायला सांगितला आणि मी टॉर्चच्या उजेडात बघत राहिलो. रेस वाढली तसा रेडिएटरचा खालचा होज पाइप आत ओढला जाऊन चपटा झाला. पंप त्याच पाइपातून पाणी ओढतो. पाइप चपटा होऊ नये म्हणून आत स्प्रिंग असते. ती गंजून तिचा चुरा झाला होता. रेस सोडली की पाइप पुन्हा गोल, म्हणून उभ्या गाडीत दोष दिसतच नव्हता. तेव्हापासून काहीही खोलण्याआधी मी इंजिन तापवून, रेस वाढवून होज बघतो, बाह्या आणि हात पंख्या-बेल्टपासून लांब ठेवून. पाइप इंजिन थंड होताना चपटा होत असेल तर मात्र दोष बहुधा रेडिएटर कॅपच्या व्हॅक्यूम वॉल्व्हचा (थंड होताना पाणी परत आत घेणाऱ्या झडपेचा) असतो.

कॅपला कोणी पार्टच समजत नाही. ती दाब धरते म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. रबर कडक झालं असेल तर बदला.

गरम इंजिनाची कॅप उघडू नका. दाब सुटताक्षणी पाणी उसळून तोंडावर येतं. वरचा होज हाताने सहज दाबता येईपर्यंत मी थांबतो.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेड (इंजिनाचा वरचा भाग) तडकू शकतं.

रोज पाणी टाकणाऱ्यांनी ते जातं कुठे हे शोधावं. पायाखालचं कार्पेट ओलं असेल तर बहुधा हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) गळतो आहे. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात होज टणक होत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील किंवा डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या. गळती बंद करणारी पावडर टाकू नका. हीटर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या तीच बुजवते.

काट्यावरही पूर्ण विसंबू नका. पाणी फार कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन तापलेलं असूनही काटा खाली येतो. चढलेला काटा अचानक उतरला आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.