समुद्रात देवमासा दिसला तर शेपटीचा फोटो कसा काढायचा

गोव्यातल्या मालिम जेटीवरून मामाच्या ट्रॉलरवर गेलो होतो तेव्हा लांबवर पाण्यात फवारा उडाला, तांडेल (नावेचा कप्तान) ओरडला देवमासा देवमासा, आणि मी मोबाईल उभा धरून झूम करत व्हिडिओ काढत बसलो. घरी येऊन बघतो तर नुसता फेस. जाणकारांना दाखवला, तर कुठल्या जातीचा तेही सांगता येईना. फार वाईट वाटलं, म्हणून हे लिहितोय.

आधी ओळख. मांडवीच्या तोंडाशी डॉल्फिन ट्रिपला दिसतात ते हंपबॅक डॉल्फिन, ते वेगळे. आपल्याला शेपटीवरून ओळखायचाय तो देवमासा म्हणजे हंपबॅक व्हेल, 12 ते 15 मीटरचं धूड, डोक्यावर गाठी गाठी, आणि बाजूचे पर अंगाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे लांब. आपल्या बाजूला ब्रायडीज व्हेलपण असतो, त्याच्या डोक्यावर तीन उभे कंगोरे असतात आणि बुडी मारताना तो सहसा शेपूट बाहेर काढत नाही. हंपबॅक मात्र खोल जायच्या आधी पाठ कमानीसारखी वाकवतो आणि मग शेपूट अख्खी वर येते.

तोच क्षण पकडायचा. पाठ वाकली की मोबाईल आडवा धरून बर्स्टवर (एका दमात भराभर फोटो) ठेवायचा, शक्यतो देवमाशाच्या मागच्या बाजूने, कारण आपल्याला शेपटीची खालची बाजू हवी असते. तिथले काळे-पांढरे डाग, ओरखडे, कडेची फाटलेली झालर, हे सगळं प्रत्येकाचं वेगळं, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखं. ओमानजवळ टॅग (सॅटेलाइटवरून माग दाखवणारं यंत्र) लावलेल्या एका मादीचं नाव लुबान, म्हणजे अरबीत धूप, कारण तिच्या शेपटीवरचा डाग धुपाच्या झाडासारखा दिसतो! 2017 च्या शेवटी ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला आली, पार खाली दक्षिणेच्या टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला.

एका फोटोचं एवढं काय, असं वाटेल. पण बाकीचे हंपबॅक खायला ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जातात, अरबी समुद्रातले बारा महिने इथेच राहतात आणि दुसऱ्यांत मिसळत नाहीत. त्यात 1966 साली सोव्हिएत जहाजांनी यातले दोनशेच्या वर मारले. ओमानच्या बाजूला फोटोंवरूनच मोजणी केली तर अंदाज निघाला फक्त 82. एवढे थोडे उरलेत, म्हणून एकेक शेपूट ओळखता येणं महत्त्वाचं. गोव्याच्या समुद्रात पाण्याखाली हायड्रोफोन (पाण्यातला माईक) लावून नरांचं गाणंसुद्धा रेकॉर्ड झालंय, म्हणजे ते इकडे येतात, फक्त आपल्याकडून नोंद होत नाही.

पाठलाग करायचा नाही. निदान 100 मीटर लांब थांबायचं, इंजिन न्यूट्रलला, समोरून आडवं जायचं नाही आणि आई-पिल्लाच्या मध्ये तर कधीच नाही.

जाळ्यात अडकलेला दिसला तर कळवळून पाण्यात उडी मारू नका, जीव जाईल. मागे लोंबणारा दोरपण कापू नका, सोडवणाऱ्या ट्रेनिंग घेतलेल्या माणसांना तो पकडायला लागतो. जाळं कसलं, कुठे गुंडाळलंय ते लांबूनच फोटोत घ्या आणि कोस्ट गार्डला 1554 वर कळवा. किनाऱ्याला लागलेला असेल तर लाईफगार्ड आणि वनखात्याला सांगा, ते येईपर्यंत गर्दी लांब ठेवा, ओलं कापड टाका पण डोक्यावरच्या श्वासाच्या भोकावर नको, शेपटीला धरून ओढणं तर अजिबात नको. मेलेला असेल तर हात लावू नका, हाड घरी आणू नका, वन्यजीव कायद्यात हा शेड्यूल 1 मधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणातला प्राणी आहे.

फोटो झाला की वेळ आणि जीपीएस लगेच लिहून ठेवा, जमिनीवर येईपर्यंत विसरायला होतं. मरीन मॅमल रिसर्च अँड कॉन्झर्वेशन नेटवर्कच्या साइटवर नोंद करता येते, आणि हॅपीव्हेल नावाच्या साइटवर टाकला तर तिथे कॉम्प्युटर ती शेपूट आधीच्या फोटोंशी जुळवून बघतो. मात्र मूळ फाईलच पाठवा, व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून टाकला की बारीक होतो, कडेची झालर पुसट होते आणि वेळ-ठिकाणाची माहितीपण उडते.