शेती, जनावरं, जंगल: कोर्सला निघण्याआधीची तयारी

विदर्भातल्या पोरापोरींनो, शेती, जनावरं किंवा जंगलाच्या कोर्सला निघताय, तर पहिलं काम फॉर्म भरण्याचं नाही. कोर्स संपल्यावर हातात येणारा कागद आपल्याला नेमकं काय करू देतो, हे आधी विचारून घ्या. निकाल लागले की तालुक्याच्या बसस्टँडवर 'शंभर टक्के नोकरी'ची पोस्टरं लागतात. त्यांवर हे कुठंच लिहिलेलं नसतं.

जनावरांच्या कोर्सला जाणाऱ्यानं तर हा प्रश्न दोनदा विचारावा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 नुसार स्वतंत्रपणे उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्याला किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. गावात पहिल्या इंजेक्शनपासूनच लोक 'डॉक्टरसाहेब' म्हणायला लागतात. ऐकायला बरं वाटतं, पण गाय दगावली की तेच लोक सर्टिफिकेट मागतात. खत-औषधाचं दुकान टाकायचा विचार असेल, तर परवान्यासाठी कोणतं शिक्षण चालतं ते कृषी विभागाच्या ऑफिसात विचारा. आधीच दुकान चालवणाऱ्यांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेची 48 आठवड्यांची 'देसी' पदविका आहे. तिचे वर्ग आठवड्यातून एकदा असतात, म्हणून दुकान सांभाळून ती करता येते.

मग संस्था पाहायला जा, आणि प्रवेशाच्या गर्दीत नाही, साध्या दिवशी जा. कृषी पदविका असेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी आणि जनावरांची असेल तर नागपूरच्या माफसूशी (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी) संलग्नता आहे का, याचं चालू वर्षाचं पत्र मागा. पत्र दाखवायला कोणी आढेवेढे घेतले तर चहा पिऊन परत या. त्यानंतर गोठ्यात जा. जनावरं किती आहेत, खोडा (उपचारावेळी जनावर अडकवायची चौकट) वापरातला आहे की त्यावर पोती वाळत घातलीत, माती परीक्षणाच्या यंत्रावरचा प्लास्टिकचा कागद निघालेला आहे का, हे पाहा. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना बाजूला घेऊन एवढंच विचारा की स्वतःच्या हातानं काय काय केलं.

घरी अजून पक्कं ठरत नसेल, तर दोन वर्षांची फी भरण्याआधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात एखादं छोटं प्रशिक्षण करून घ्या. वर्धेकडच्यांना सेलसुरा आहे, चंद्रपूरकडच्यांना सिंदेवाही, वाशिमकडच्यांना करडा. बांबूकाम शिकायचं तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. वनरक्षक भरतीवर डोळा असणाऱ्यांनी पुस्तकासोबत पळायला आजच सुरुवात करावी, कारण तिथं धावण्याची चाचणी असते आणि ती पाठांतरानं निघत नाही.

आता कागद. सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो. शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, आधार, डोमिसाइल आणि उत्पन्नाचा दाखला एका फाइलमध्ये लावा. सातबाराही ठेवा, काही कृषी अभ्यासक्रमांत शेतकऱ्याच्या मुलांना त्यावर जादा गुण मिळतात. राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचं काम सहा-आठ महिने आधी धरा. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. म्हणजे आजोबांची शाळेतली नोंद नाहीतर तहसीलच्या रेकॉर्डमधली कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांची नोंद शोधा. वडिलांच्या दाखल्यावर एक आडनाव आणि तुमच्या दाखल्यावर दुसरं असेल, तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. महाडीबीटीचे (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा बँकेतही एक चक्कर मारा. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी असलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत आपला अभ्यासक्रम बसतो का, तेही बघा. आणि मूळ मार्कशीट फीच्या बदल्यात कुणाकडे ठेवू नका. हे मी ओरडून सांगतो, कारण ती सोडवायला नंतर बापाला सावकाराकडे जावं लागतं.

अंगाची तयारीही कागदाइतकीच लागते. जनावरात हात घालायचा तर रेबीजची आगाऊ लस घ्या (0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी), धनुर्वाताचंही बघा. गमबूट अर्धा नंबर मोठे घ्या, आत जाड मोजे बसायला हवेत. नखं कापलेली, अंगठी-कडं घरी. कृत्रिम रेतन शिकताना डावा हात कोपरापर्यंत गाईच्या गुदाशयात असतो आणि उजव्या हातात वीर्य सोडायची गन. नायट्रोजनच्या कॅनमध्ये उणे 196 अंशांवर ठेवलेली वीर्याची कांडी बाहेर काढून 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते. पाण्याचं तापमान बोटानं नाही, थर्मामीटरनं पाहायचं. सकाळी माजावर दिसलेली गाय संध्याकाळी भरायची, हे बहुतेक गोपालकांना माहीत असतं. पण सोट (माजावर असताना गळणारा चिकट स्राव) स्वच्छ आहे की पूमिश्रित, हे पाहायची सवय घरच्या गोठ्यातच लावून घ्या.

शेतीकडे जाणाऱ्यांनी त्रैराशिक पक्कं करावं. एकरी 200 मिली औषध, 200 लिटर पाणी, 16 लिटरचा पंप, तर पंपाला किती? उत्तर 16 मिली. आपल्याकडे मात्र टोपण भरून औषध ओतायची रीत आहे आणि प्रत्येक बाटलीचं टोपण वेगळं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर मेले, हे आपल्यातल्या कुणाला सांगायला नको. मास्क, हातमोजे, अंगभर कपडे आणि डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाचा अर्थ हे सगळं पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडायला हवं. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरव्यालाही दूध समजू नका.

राहिलं घर. प्रवेशाची धावपळ ऐन पेरणीत येते, आणि सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झाली की वेच्यासाठी घरून फोन सुरू होतात. प्रात्यक्षिकाला हजेरी लागते, तेव्हा सालदार ठेवायचा की भावकीशी कामाची अदलाबदल करायची, हे मृगाआधी आई-बाबांसोबत बसून ठरवा. पोरगी जात असेल तर वसतिगृहात अधीक्षिका मुक्कामी राहतात का, आणि शेवटची एसटी चुकली तर गावाकडून घ्यायला कोण येणार, हेही त्याच बैठकीत बोलून घ्या. पासपोर्ट फोटो दहा-बारा काढून ठेवा, सगळे एकाच शर्टातले.